हुकलेल्या बोअरहोलमधून धातूचा माग

धातूच्या शोधात घेतलेल्या बोअरहोलपैकी बहुतेक हुकतात. यात खोदणाऱ्यांचा दोष फारसा नसतो. मोजमापच तसे आहे. खनिज शोधासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एनक्यू’ आकाराच्या हिऱ्याच्या बिटने पडणारे छिद्र सुमारे ७६ मिलिमीटर रुंद असते आणि त्यातून निघणारा दगडाचा गाभा, म्हणजे कोअर, जेमतेम ४८ मिलिमीटर जाड. हजार मीटर खोल गेलो तरी डोळ्यांनी पाहिलेला खडक एवढाच. जस्त-शिशाचा मोठा साठा त्या छिद्रापासून वीस मीटरवर असला तरी कोअरच्या पेटीत त्याचा मागमूस नसतो. शेतात बोअर मारणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आपली बोअर कोरडी जाते आणि बांधापलीकडे शेजाऱ्याला भरपूर पाणी लागते.

पण खडकात पाडलेले छिद्र कोअर काढून झाल्यावरही कामाचे असते. त्यात केबलला बांधून जिओफोन, म्हणजे खडकाची थरथर टिपणारी यंत्रे, सोडता येतात, जमिनीवर छोटा सुरुंग उडवता येतो आणि त्या धक्क्याच्या लहरी आजूबाजूच्या खडकांवर आपटून छिद्रापर्यंत कशा परततात ते नोंदवता येते. यालाच बोअरहोल सिस्मिक सर्वेक्षण म्हणतात. छिद्र साठ्याला चुकले असले तरी साठा छिद्राच्या आसपास कुठे आहे, हे त्यातून कळू शकते. ते कसे, हे समजून घ्यायला पायरीपायरीने जावे लागेल.

सुरुवात खडकांच्या स्वभावापासून. धक्क्याची लहर एका खडकातून दुसऱ्यात शिरते तेव्हा तिचा काही भाग सीमेवरून मागे फिरतो. किती भाग फिरणार, हे दोन्ही खडकांची घनता आणि त्यांच्यातला लहरींचा वेग यांवर ठरते. या दोघांचा गुणाकार म्हणजे त्या खडकाचा इम्पीडन्स. दोन इम्पीडन्समधला फरक भागिले त्यांची बेरीज, म्हणजे परतणाऱ्या लहरीचे प्रमाण. हिशेब सोपा आहे, करून पाहू. ग्रॅनाइटची घनता साधारण २.६५ आणि वेग सेकंदाला ६ किलोमीटर. गुणाकार जवळपास १६. निखळ पायराइट या लोखंडाच्या सल्फाइडची घनता ५ आणि वेग ८ किलोमीटर, गुणाकार ४०. फरक २४, बेरीज ५६. म्हणजे लहरीच्या उंचीचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग परत येतो. सहा टक्के परत आले तरी भूभौतिकीत ते चांगले ठळक परावर्तन मानले जाते.

धातूची खनिजे जड असतात, हे हाताला सहज कळते. एनक्यू कोअरचा एक मीटर लांब ग्रॅनाइटचा तुकडा पावणेपाच किलोंच्या आसपास भरतो. तेवढाच तुकडा भरगच्च सल्फाइडचा असेल तर आठ किलोंच्या घरात जातो. पेटी उचलताना मनगटाला तो फरक जाणवतो. वेगाचे मात्र तसे नाही. पायराइटमध्ये लहर धावते, पण पायरोटाइटमध्ये ती सेकंदाला ४.७ किलोमीटरवर येते, म्हणजे ग्रॅनाइटपेक्षाही मंद. तरी घनता ४.६ असल्याने गुणाकार साडेएकवीसच्या पुढे जातो. शिशाचे गॅलेना फारच जड, घनता ७.५, त्यातला वेग केवळ ३.७ किलोमीटर. जस्ताचे स्फॅलेराइट मधोमध, घनता ४ आणि वेग साडेपाच किलोमीटर. ग्रॅनाइटच्या शेजारी ही सगळी खनिजे लहरींना ठळक दिसतात.

ग्रॅनाइटऐवजी शेजारी गॅब्रो हा जड, काळसर खडक असेल तर चित्र बदलते. गॅब्रोचा इम्पीडन्स वीसच्या आसपास असतो. त्यात पायरोटाइटचा साठा दडला असेल तर परतणारी लहर चार टक्क्यांच्याही आत राहते. उलट ग्रॅनाइटमध्ये नुसती गॅब्रोची भिंत घुसलेली असेल तर अकरा टक्के लहर परत येते आणि धातू सापडल्याचा भास होतो. म्हणून माझ्या मते या पद्धतीचे पहिले उपकरण जिओफोन नसून प्रयोगशाळेतला तराजू आणि कोअरच्या तुकड्यात लहरीचा वेग मोजणारे यंत्र आहे. ही मोजणी स्वस्त असते, तरी ती टाळून थेट सुरुंग उडवणाऱ्यांचा पैसा वाया जाण्याची शक्यता मोठी.

जमिनीवरून घेतले जाणारे सिस्मिक सर्वेक्षण तेलाच्या शोधात १९२० च्या दशकापासून रुळले आहे. तेल असते ते गाळाच्या खडकांत, आणि हे थर बहुधा आडवे, एकावर एक रचलेले असतात. वरून गेलेली लहर आडव्या थरावरून सरळ वर परतते. धातूचे साठे बहुतेकदा जुन्या, वळ्या पडलेल्या, भाजून निघालेल्या खडकांत असतात आणि त्यांचे थर कित्येक ठिकाणी जवळपास उभे झालेले असतात. उभ्या थरावर वरून पडलेली लहर वर न येता बाजूला निघून जाते. जमिनीवर हजार जिओफोन पसरले तरी ती त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ती पोहोचते खोलवर, बाजूच्या खडकात. म्हणजे नेमके तिथे, जिथे बोअरहोल आहे.

दुसरी अडचण वरच्या आवरणाची. माती, मुरूम, झिजलेला खडक किंवा कॅनडासारख्या देशात हिमनद्यांनी आणून टाकलेला गाळ आणि गोटे, हे सगळे लहरींतला बारीक तपशील खाऊन टाकतात. जमिनीवरच्या सर्वेक्षणात लहरीला या आवरणातून जाताना एकदा आणि येताना एकदा असा दोनदा त्रास होतो. जिओफोन छिद्रात असेल तर एकदाच. सुरुंगही आवरणाखालच्या घट्ट खडकात भरला तर तो एकदाचा त्रासही पुष्कळ कमी होतो. छिद्रातल्या नोंदींत जास्त वारंवारतेच्या लहरी टिकून राहतात, त्याचे हे मुख्य कारण.

तिसरी गोष्ट अंतराची. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी सेकंदाला ६ किलोमीटर वेगाने ६० मीटर होते. अशी लहर जमिनीवरून एक किलोमीटर खाली जाऊन परत येते तेव्हा ती खालच्या खडकाच्या सुमारे १७० मीटर त्रिज्येच्या वर्तुळातून एकवट उत्तर आणते. त्याहून लहान वस्तू नीट वेगळी दिसत नाही. जिओफोन साठ्यापासून २०० मीटरवर छिद्रात असेल तर ही त्रिज्या शंभर मीटरच्या आसपास येते. जवळून ऐकल्याने चित्र बारीक होते.

आता नोंद कशी वाचतात ते पाहू. हा या विषयाचा गाभा आहे आणि इथे जरा थांबायला हवे. समजा, एक हजार मीटर खोल उभे छिद्र आहे, खडकात सगळीकडे लहरीचा वेग सेकंदाला ६,००० मीटर आहे आणि सुरुंग छिद्राच्या तोंडाशीच उडवला. ६०० मीटरवरच्या जिओफोनला सरळ खाली येणारी लहर १०० मिलिसेकंदांनी लागते, ७५० मीटरवर १२५ मिलिसेकंदांनी. खोली वाढेल तसा वेळ वाढतो, म्हणून कागदावर ही सरळ लहर एका उतरत्या रेषेसारखी दिसते. याच रेषेवरून खडकातला खरा वेगही मोजून निघतो. आता ९०० मीटरवर एक आडवा थर आहे असे धरा. त्यावरून परतलेली लहर ७५० मीटरच्या जिओफोनला १७५ मिलिसेकंदांनी लागेल, पण त्याच्यापेक्षा वर असलेल्या ६०० मीटरच्या जिओफोनला २०० मिलिसेकंदांनी. म्हणजे ही रेषा उलट्या दिशेने झुकते. दोन्ही रेषा जिथे मिळतात, ९०० मीटर आणि १५० मिलिसेकंद, तिथे तो थर छिद्राला छेदतो. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या लहरी संगणकावर वेगळ्या काढता येतात त्या याच उलट्या झुकावामुळे. सोव्हिएत भूभौतिकतज्ज्ञ येवसेई गाल्पेरिन यांनी छिद्रातल्या अशा नोंदींची पद्धत बांधली आणि त्यांच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९७४ मध्ये निघाले. पुढे तेलवाल्यांनी ती उचलली.

धातुसाठ्याचे उत्तर मात्र सरळ रेषेत येत नाही. समजा, साठा ८०० मीटर खोलीवर, पण छिद्रापासून २०० मीटर बाजूला आहे. सुरुंगापासून साठ्यापर्यंत ८२५ मीटर, म्हणजे सुमारे १३७ मिलिसेकंद. तिथून लहर चहूकडे विखुरते. ८०० मीटरवरच्या जिओफोनला तिचे २०० मीटरचे अंतर तोडायला ३३ मिलिसेकंद लागतात, एकूण १७१. ६०० मीटरवरच्या आणि १००० मीटरवरच्या जिओफोनला तिरपे अंतर जास्त, म्हणून दोन्हीकडे १८५. कागदावर कमान उमटते आणि कमानीचा माथा बरोबर ८०० मीटरवर येतो. माथ्याने खोली सांगितली. कमान किती पसरट आहे यावरून आणि सरळ लहरीनंतर ती किती उशिरा आली यावरून अंतर कळते. छिद्राने ज्याला स्पर्शही केला नाही अशा वस्तूची खोली आणि अंतर हाती आले. मला ही नोंद पाहताना दर वेळी मनापासून आनंद होतो.

एवढ्यावर थांबता येत नाही, कारण दिशा अजून कळलेली नाही. उभ्या छिद्रातली जिओफोनची माळ साठा पूर्वेला आहे की पश्चिमेला, हे एकट्या वेळेवरून सांगू शकत नाही. छिद्राभोवती २०० मीटरच्या पूर्ण वर्तुळावर कुठेही ठेवलेला साठा हीच कमान देईल. म्हणून तीन दिशांना बसवलेल्या तीन घटकांचे जिओफोन वापरतात. लहर खडकाला कोणत्या दिशेने हलवते हे त्यांतून कळते. पण हे जिओफोन बसवलेला प्रोब केबलवर लोंबकळत खाली जाताना गरगरत जातो, मग त्याचे तोंड कुठल्या दिशेला आहे हेच माहीत नसते. त्यावर तोडगा चांगला आहे. छिद्रापासून दूर उडवलेला सुरुंग कुठे आहे हे माहीत असते, तेव्हा पहिली सरळ लहर कुठून आली पाहिजे हेही माहीत असते. तिने हलवलेल्या दिशेवरून प्रोब किती फिरला आहे ते उलट काढता येते. याशिवाय छिद्राभोवती वेगवेगळ्या अंतरांवर आणि दिशांना सुरुंग घेतात, आणि जवळ दुसरे छिद्र असेल तर त्यातही नोंद घेतात. दोन छिद्रांतली वर्तुळे मोजक्या ठिकाणी छेदतात आणि शंका बरीच कमी होते.

लहरीही एकाच प्रकारच्या नसतात. खडकाला पुढेमागे दाबत जाणारी पी लहर वेगवान. आडवी हलवत जाणारी एस लहर मंद, कठीण खडकात साधारण ३,५०० मीटर सेकंदाला. साठ्यासारख्या वेगळ्या पदार्थावर पी लहर आपटली की तिचा काही भाग एस होऊन निघतो. आपल्या उदाहरणात अशी बदललेली लहर ८०० मीटरवर १७१ ऐवजी १९५ मिलिसेकंदांनी पोहोचते आणि दुसरी कमान देते. एस लहरीची लांबी कमी, १०० हर्ट्झला ३५ मीटर, म्हणून तिचे चित्र आणखी बारीक.

हे सगळे प्रत्यक्षात उतरलेले पाहायचे तर कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात जायला हवे. तिथल्या बाथर्स्ट परिसरात समुद्रतळावरच्या उष्ण झऱ्यांतून साचलेले ऑर्डोव्हिशियन काळातले जस्त, शिसे आणि तांब्याचे सल्फाइड साठे आहेत. ब्रन्सविक क्रमांक १२ ही प्रचंड खाण तिथेच १९६४ ते २०१३ चालली. त्याच परिसरातल्या हाफमाइल लेक येथे नोरांडा कंपनीने १९९० च्या दशकात जमिनीवरून त्रिमितीय सिस्मिक सर्वेक्षण केले आणि त्यातल्या खुणेवर ड्रिल करून सुमारे १.२ किलोमीटर खोलीवर सल्फाइडचा भिंगासारखा साठा गाठला. एवढ्या खोलवरचा साठा सिस्मिकच्या जोरावर सापडणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

पण वरच्या भागात आधीपासून माहीत असलेले साठे आणि हा खोलचा साठा यांना जोडणारा तीव्र उताराचा धातूचा पट्टा मध्ये आहे का, हे जमिनीवरच्या सर्वेक्षणाला सांगता येईना. उभ्या थरांची जी अडचण वर सांगितली तीच इथे आली. मग तिथल्या बोअरहोलमध्ये जिओफोन उतरवून वेगवेगळ्या दिशांच्या आणि अंतरांच्या सुरुंगांच्या नोंदी घेतल्या गेल्या. भूभौतिकतज्ज्ञ जील बेलफ्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. साठ्यांवरून विखुरलेल्या लहरींचे चारही प्रकार त्या नोंदींत ठळक दिसले: पी जाऊन पी आलेली, पी जाऊन एस आलेली, एस जाऊन पी आलेली आणि एस जाऊन एस आलेली. धातुसाठ्यावरून इतके गुंतागुंतीचे विखुरणे छिद्रातल्या नोंदींत तोवर कुणी दाखवले नव्हते. या लहरी उलट्या चालवून त्या कुठून निघाल्या तिथे नेऊन ठेवल्या की साठ्याचे चित्र तयार होते.

याच जागेवरच्या जमिनीवरच्या नोंदी पुढे नव्याने तपासल्या गेल्या, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. तिरप्या भिंगासारख्या साठ्यावरून सगळ्यात जोरकस लहर साठ्याच्या थेट वर येत नाही. ती उताराच्या बाजूला फेकली जाते. म्हणून बरोबर वर बसून ऐकणाऱ्याला साठा क्षीण वाटतो. सुरुंग आणि जिओफोन कुठे ठेवायचे हे आधी संगणकावर प्रतिमान बांधून ठरवण्याचा आग्रह आता जाणकार धरतात तो यासाठी.

प्रत्यक्ष कामात खोळंबा बहुधा छिद्रातच होतो. फुटक्या खडकात भिंत ढासळते आणि प्रोब अडकू शकतो. प्रोब भिंतीला घट्ट टेकला नाही तर तो खडकाबरोबर हलतच नाही, म्हणून त्याला बाजूला निघणारा हात असतो, जो भिंतीला रेटून धरतो. छिद्रात पाणी असेल तर त्यात सोडायची हायड्रोफोनची, म्हणजे पाण्यातला दाब टिपणाऱ्या यंत्रांची, माळ सोपी पडते. पण मग पाण्याच्या स्तंभातूनच सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास धावणाऱ्या नळीलहरी येतात आणि मंद असूनही इतक्या जोरकस असतात की साठ्याची कमान त्यांच्याखाली झाकली जाते. जिओफोन पाच-दहा मीटरवर हवेत, आणि माळेत मोजकेच असतील तर तीच माळ वर ओढत ओढत त्याच जागी पुन्हा पुन्हा सुरुंग घ्यावे लागतात. दिवस जातात आणि खर्च वाढतो.

ऑप्टिकल फायबरने यात मोठा फरक पाडला आहे. काचेचा तंतू पूर्ण छिद्रात सोडून वरून लेझरचे स्पंद पाठवले की तंतूतल्या सूक्ष्म दोषांवरून प्रकाश मागे विखुरतो. लहर येऊन तंतू किंचित ताणला की त्या विखुरण्यात बदल होतो. पूर्ण तंतूच जिओफोन होतो आणि एका सुरुंगात तळापासून तोंडापर्यंतची नोंद मिळते. फिनलंडमधल्या किलुलाहती खाणीत आणि ब्रिटिश कोलंबियातल्या न्यू आफ्टन या तांबे-सोन्याच्या खाणीत हे करून पाहिले आहे. उणीव एक आहे: तंतू फक्त आपल्या लांबीच्या दिशेचा ताण पकडतो, आडवी येऊन धडकणारी पी लहर त्याला फारशी जाणवत नाही. तंतू सरळ न ठेवता मळसूत्रासारखा गुंडाळून ही उणीव कमी करतात. तीन घटकांचा जिओफोन अजून निवृत्त झालेला नाही, होऊ नये.

छिद्रातून विद्युतचुंबकीय मोजणी करणारी पद्धत खनिज शोधात अधिक रुळलेली आणि स्वस्त आहे, आणि पायरोटाइट किंवा चालकोपायराइट यांसारखी वीजवाहक खनिजे तिला झटकन सापडतात. पण स्फॅलेराइट वीज नीट वाहू देत नाही. जस्ताने भरलेला साठा विद्युत पद्धतीला अंधुक दिसू शकतो आणि सिस्मिकला ठळक. उलट तांब्याचे विखुरलेले, टक्क्याच्या आतले साठे सिस्मिकला स्वतः दिसत नाहीत. दिसतात ते त्यांच्याभोवतीचे भ्रंश आणि खडकांच्या सीमा. दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक आहेत, आणि एकीच्या भरवशावर दुसरी सोडणे चुकीचे.

महाराष्ट्राला छिद्रातल्या भूकंपमापनाची ओळख आहे, ती वेगळ्या कारणाने. कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल प्रायोगिक छिद्र २०१७ मध्ये पुरे झाले. सुमारे सव्वा किलोमीटर दख्खनचा बेसाल्ट ओलांडून ते खालच्या ग्रॅनाइटी पायाभूत खडकात गेले आहे. कराडला त्यासाठी बोअरहोल भूभौतिकी संशोधन प्रयोगशाळाही आहे. खोल, घट्ट खडकात बसवलेल्या यंत्राला वरची गडबड कमी ऐकू येते, हे तत्त्व तिथेही आणि धातूच्या शोधातही तेच.

विदर्भात तर खनिज शोधाची घरेच आहेत. मँगनीजच्या खाणी चालवणाऱ्या मॉइलचे मुख्यालय नागपूरला, देशभर खनिजांसाठी ड्रिलिंग करणाऱ्या एमईसीएलचेही नागपूरलाच. आपल्याकडचे उघडे साठे बहुतेक हाती लागलेले आहेत. पुढचे खोल असणार आणि वळ्या पडलेल्या खडकांतच असणार. तेव्हा या कामात असलेल्यांना आणि येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना एक विनंती. खोल बोअरहोल आखतानाच, रिग हलण्याआधी, त्यात जिओफोन उतरवायचा की नाही हे ठरवा. कोअर पेटीत गेली की प्रत्येक खडकाची घनता आणि वेग मोजून लिहून ठेवा. त्या आकड्यांवरून साठा आणि शेजारचा खडक यांच्या इम्पीडन्समध्ये पुरेसा फरक दिसला, तर छिद्र बुजवण्याआधी त्यातून एकदा नोंद घ्या.